सतराव्या खिळ्यावरचा बिल्ला

मित्रांनो, मी पितळेचा एक बिल्ला आहे. जुना आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण हल्ली वय लपवले तर ती फसवणूक ठरते आणि सांगितले तर अपात्रता. आकाराने मी जुन्या रुपयाहून थोडा मोठा. वर एक भोक, भोकात तारेची कडी आणि पोटावर ठोकलेला आकडा: सतरा. त्यातला एक अजून वाचता येतो. साताचा मात्र वाकडा कणा तेवढा उरला आहे. बाकीचा सात कोठे गेला, हीच माझी जीवनकथा.

माझा जन्म नगरच्या एका तांबटाच्या भट्टीत झाला. एक फुटकी घागर आणि एक निकामी स्टोव्ह एकत्र वितळवून त्याने आम्हा साठ भावंडांना ओतले. म्हणजे माझ्या अंगात निम्मी घागर आहे आणि निम्मा स्टोव्ह. वरून थंड आणि आतून पेटलेला असा माझा स्वभाव का, याचा उलगडा तुम्हाला आता झाला असेल.

जामखेडच्या एका चिंच प्रक्रिया सहकारी संस्थेने आम्हाला नोकरीस ठेवले. त्या बाजूला पाऊस हात राखून पडतो. पण चिंच बांधावर कोणी न लावता उगवते आणि कोणी न विचारता फळते. संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका पोत्यांवर ओळीने बसतात, हातोडीने चिंच फोडतात, टरफल, चिंचोके आणि शिरा वेगळ्या करतात आणि गर पाटीत टाकतात. दाराशी एक लाकडी फळा होता. त्यावर साठ खिळे आणि साठ खिळ्यांवर आम्ही साठ जण. सकाळी प्रत्येकीने आपला बिल्ला उचलायचा आणि आपल्या पाटीच्या काठाला अडकवायचा. पाटी भरून काट्यावर गेली की बिल्ला पाहून ती कोणाची हे कळे. मग बिल्ला पुढच्या रिकाम्या पाटीला. आम्हाला गरात मात्र कोणी टाकत नसे. आंबट पदार्थ पितळेत कळकतो, हे त्या बायका आईच्या मांडीवर शिकल्या होत्या.

घरोघरी पितळ उजळायला चिंच लावतात, हे तुम्ही पाहिले असेल. मला दिवसातून वीस वेळा चिंचेने माखलेली बोटे लागत. संध्याकाळी खिळ्यावर परतण्याआधी अंगठ्याचा एक फेर आणि पदराची एक पुसणी मिळे. मी सोन्यासारखा चमकत असे. यात माझे कर्तृत्व काही नव्हते. कामावर जाणारा बिल्ला चमकतो, इतकेच.

माझ्या शिक्षणाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर एवढी भाषा पितळेला कोठून आली, असे तुम्ही विचाराल. आमच्या फळ्याशेजारीच सूचनाफलक होता. तीस वर्षे परिपत्रकांच्या शेजारी लटकलेल्या वस्तूला अशिक्षित राहणे शक्य नसते. शिवाय चिंच बांधायला एकदा निवृत्त संस्कृत शिक्षकाची सगळी ग्रंथसंपदा रद्दीच्या भावाने आली होती. न्यायशास्त्र मी त्या काळात वाचले, अर्ध्या किलोच्या पुड्यांमधून.

माझी धनीण रंगुबाई. ती कामावर आली त्या दिवशी तिला वय विचारले गेले. ती म्हणाली, “बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायची, तवा मला ढिगाऱ्याच्या सावलीला झोळीत ठिवलं हुतं. तुमीच काढा काय निघतं ते.”

काटा सांभाळणारे शांतवन तिथेच होते. मिशनच्या शाळेत शिकलेला, नेमके बोलणारा माणूस. त्यांनी हिशेब करून वय लिहिले आणि मला तिच्या तळहातावर ठेवले. तेव्हापासून खिडकीखालची जागा तिची आणि सतरावा खिळा आम्हा दोघांचा.

संस्थेचे अध्यक्ष सहादेवतात्या. कोणी पाहुणे आले की तात्या त्यांना थेट रंगुबाईच्या पाटीपुढे उभे करीत आणि म्हणत, “हिच्या पाटीत एक चिंचोका सापडला तर मी अध्यक्षपद सोडीन.” तीस वर्षांत चिंचोका सापडला नाही आणि अध्यक्षपदही सुटले नाही. माझ्या आयुष्यातला हा कौतुकाचा काळ.

उपेक्षेचा काळ पुण्याहून आला, पांढऱ्या गाडीतून. तात्यांचा नातू आदिनाथ व्यवस्थापनाची पदवी घेऊन परतला आणि संस्थेचा व्यवस्थापक झाला. याच शेडमध्ये तो लहानपणी चिंचोके खेळला होता. रंगुबाईने त्याच्या नाकाला पदर लावला होता. आता तो तिला ‘मावशी’ म्हणू लागला. ज्याला काढून टाकायचे असते त्याला आधी नात्यात ओढतात, ही पद्धत मी परिपत्रकांतही पाहिली आहे.

त्याने आमच्या फळ्याशेजारी एक काळी डबी बसवली. तिच्यात हिरवा दिवा लुकलुकत असे आणि आत एक इंग्रजी बाई राहत असे.

“मावशी, आता बिल्ले वगैरे बंद,” आदिनाथ म्हणाला. “इथे फक्त अंगठा ठेवायचा. एका सेकंदात हजेरी. आपल्याला यंग आणि फास्ट सिस्टीम पाहिजे.”

रंगुबाईने अंगठा ठेवला.

“प्लीज ट्राय अगेन,” डबी म्हणाली.

रंगुबाईच्या शेजारी बसणारी चांगुणा मागेच उभी होती. तिच्या जिभेला चिंचेची धार होती. तिने विचारले, “शांतवनभाऊ, काय म्हनती ओ ती?”

“पुन्हा प्रयत्न करा म्हणते.”

रंगुबाईने पुन्हा अंगठा ठेवला. मग पदराने पुसून ठेवला. मग डाव्या हाताचा ठेवला. डबी आपल्या मतावर ठाम होती.

“दुसरी कोनी हाय का तुमच्याकडं?” चांगुणा म्हणाली. “ही लईच परक्यावानी करती.”

कारण उघड होते. तीस वर्षे चिंचेचे आम्ल आणि टरफलाची धार ज्या अंगठ्यावरून गेली, त्याच्यावर रेषा कोठून राहणार? माझ्या पोटावरचा सात ज्या अंगठ्याने पुसला, त्याच अंगठ्याच्या रेषा चिंचेने पुसल्या. आम्ही दोघे एकाच कामात झिजलो होतो. पण आदिनाथाने त्यावर उपाय सांगितला, रोज रात्री हाताला व्हॅसलीन लावण्याचा. बायकांनी व्हॅसलीन लावले, खोबरेल लावले, एकीने दुधाची साय लावली. डबीने साय ओळखली असेल कदाचित. बाई ओळखली नाही.

चौदा जणींचे अंगठे उमटेनात. चौदाही जणी जुन्या. यंत्राचे रीतसर उद्घाटन होईपर्यंत पाट्यांवर मात्र आम्ही बिल्लेच जात होतो. तीन महिन्यांनी सूचनाफलकावर चौदा नावांच्या यादीसह कागद लागला. मी तो शेजारून वाचला आणि माझ्यातला स्टोव्ह भडकला. त्यात लिहिले होते: ‘ज्या कर्मचाऱ्यांच्या अंगठ्याचे ठसे वयोमानपरत्वे उमटत नाहीत, त्यांची कार्यक्षमता संपुष्टात आली असे गृहीत धरून त्यांना सन्मानपूर्वक विश्रांती देण्यात येत आहे. सदर विश्रांती ऐच्छिक असून सर्वांवर बंधनकारक राहील.’

मित्रांनो, ठसा नाही म्हणून वय झाले, आणि वय झाले म्हणून काम जमत नाही, या युक्तिवादाला न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणतात. जामखेडात त्याला आधुनिकीकरण म्हणाले. ज्या बायकांना जन्मभर अंगठेबहाद्दर म्हणून हिणवले, त्यांच्याजवळ शेवटी अंगठाही शिल्लक ठेवला नाही. अंगठा मागून घेण्याची प्रथा आपल्याकडे फार प्राचीन आहे. पूर्वी निदान त्याला दक्षिणा म्हणण्याची लाज होती.

त्या यादीला अडचण झाली ती एकदाच. रेश्मा नावाची बावीस वर्षांची मुलगी नव्याने लागली होती. पहिल्या महिन्यात तिचा अंगठा रांगोळीसारखा उमटे. तिसऱ्या महिन्यात डबी तिलाही “प्लीज ट्राय अगेन” म्हणू लागली. म्हणजे यंत्र वय मोजत नव्हते. ते काम मोजत होते, आणि तेही उलटे. आदिनाथाने यावर विचार केला आणि रेश्माला चिठ्ठ्या चिकटवायच्या खोलीत पाठवले. प्रश्न सुटला.

उलट, एकावन्न ते एकोणसाठ या खिळ्यांवरच्या माणसांना डबी प्रेमाने ओळखत असे. ही नऊ माणसे अध्यक्षांच्या घरातली. ती सकाळी गाडी चालू ठेवूनच आत येत, अंगठा ठेवत आणि गाडीचा धूर विरण्याआधी परत जात. चिंच त्यांनी फक्त आमटीत पाहिली होती. त्यांचे नऊ बिल्ले माझे सख्खे भाऊ. पण जन्मापासून खिळा न सोडल्यामुळे तव्याच्या पाठीसारखे काळे झाले होते, कडीजवळ हिरवट.

यादी वाचून दाखवली त्या दिवशी रंगुबाईने आधी हातातली पाटी भरली. मग चांगुणेला म्हणाली, “अश्विनीचं एकच साल राह्यलंय.” अश्विनी म्हणजे तिची नात. नगरला परिचारिकेचे शिक्षण घेत होती. तिची खानावळ रंगुबाईच्या पाटीवर चालत असे.

“आदूला सांग की,” चांगुणा म्हणाली.

“सांगितलं. म्हनला, मावशी, आता आराम करा.”

“मग?”

“मी म्हनलं, आराम शिकवायला कोनी मास्तर हाय का? मला येत न्हाई.”

आता योगायोग पाहा. त्याच महिन्यात सहादेवतात्यांना एक्याऐंशी वर्षे पूर्ण होत होती. हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिलेल्या माणसाचा आपल्याकडे सत्कार करतात, तसे तात्यांचे सहस्रचंद्रदर्शन ठरले. चौकात फलक लागला: ‘चिरतरुण नेतृत्व’. फलकावरचा फोटो चाळीस वर्षांपूर्वीचा होता, म्हणून मजकूर खोटा म्हणता येत नव्हता. संस्थेच्या नियमांत संचालकांना वयोमर्यादा नाही. वय खुर्चीवर बसले की त्याला अनुभव म्हणतात आणि पोत्यावर बसले की म्हातारपण. मांडव घातलाच आहे तर चौदा बायकांचा निरोपही त्यातच उरकावा, असे आदिनाथाने ठरवले. प्रत्येकीला साडी, नारळ आणि आठवण म्हणून तिचा बिल्ला मखमली डबीत. त्यानंतर तात्यांच्या हस्ते, म्हणजे अंगठ्याने, यंत्राचे रीतसर उद्घाटन.

माझ्यापुरते बोलायचे तर मखमली डबी हे मला थडगेच वाटले. पितळेला मरण नसते. त्याला कपाट असते.

समारंभाच्या सकाळी आदिनाथाने शांतवनांना चौदा बिल्ले तबकात आणायला सांगितले. शांतवन म्हणाले, “साहेब, आकडे झिजलेत. कोणाचा कोणता, ते खिळ्यावरूनच कळतं.” आणि त्यांनी गड्यांकरवी आख्खा फळा उचलून व्यासपीठावर आणला, यंत्राच्या शेजारी उभा केला. यात डाव होता की निव्वळ चोखपणा, हे मी त्यांना कधी विचारले नाही. एकोणसाठाव्या वर्षी माणसाला दोन्ही जमते.

भाषणे झाली. साड्या झाल्या. रंगुबाई नारळ घेऊन खाली पहिल्या रांगेत बसली. बिल्ले भाषणांनंतर द्यायचे होते, म्हणून मी अजून माझ्या खिळ्यावर होतो आणि तेथून सारे पाहत होतो. मग ध्वनिक्षेपक यंत्राच्या तोंडाशी धरण्यात आला, म्हणजे जमलेल्या सर्वांना आधुनिकता ऐकू यावी. तात्यांनी अंगठा ठेवला.

“प्लीज ट्राय अगेन,” आख्ख्या मांडवाने ऐकले.

तात्या हसले. पुन्हा ठेवला. यंत्राने पुन्हा तेच सांगितले. वय झाले की कातडी सैल पडते आणि ठसा पुसट होतो. त्यासाठी काम करावेच लागते असे नाही. वाट पाहिली तरी चालते.

“तात्या, जरा ओला करून ठेवा,” आदिनाथ कानाशी कुजबुजला. ध्वनिक्षेपकाने तेही सांगितले.

तात्यांनी अंगठा जिभेला लावला आणि यंत्राला लावला. यंत्राने त्यांना हजार चंद्रांसकट नाकारले.

मागच्या रांगेतून चांगुणेचा आवाज आला, “तात्यांनी बी राती वेसलीन लावाय पायजे हुतं.”

आधी बायका हसल्या. मग आचारी हसले. मग ज्यांना हसणे परवडत नव्हते तेही खाली बघून हलू लागले. रंगुबाई मात्र हसली नाही. ती उठली, पदर सारखा केला, व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढली आणि आपल्या हातातला नारळ तिने तात्यांच्या हातावर ठेवला.

“घ्या तात्या,” ती म्हणाली. “आपला एकच नंबर लागला. कागदावर तसंच लिव्हलंय, ठसा उमटंना त्यानं इश्रांती घ्यायची. आता मिळून करू.”

तात्यांनी नारळाकडे पाहिले. मग नातवाकडे. हा माणूस आठ निवडणुका आणि दोन चौकशा पार करून इथवर आला होता. त्याला पराभव लांबून वासाने कळे, आणि तो दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला अर्धे मिनिट पुरे होई. त्यांनी ध्वनिक्षेपक स्वतःकडे ओढला.

“मंडळी,” ते म्हणाले, “जे यंत्र संस्थेच्या अध्यक्षाला ओळखत नाही, ते यंत्र सदोष आहे. अनुभवाला पर्याय नसतो. ही रंगुबाई, हिच्या पाटीत चिंचोका सापडला तर मी अध्यक्षपद सोडीन, हे मी तीस वर्षं सांगतोय. ते परिपत्रक मी रद्द करतो. ज्यानं काढलं त्याचं वय लहान आहे, त्याला माफ करा.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अनुभवाची ही महती त्यांना स्वतःचा अंगठा नापास होईपर्यंत का सुचली नव्हती, हे विचारण्याची सभ्य वेळ टाळ्यांत निघून गेली. मी तरी विचारणार कोणाला? मी चमकत राहिलो.

आणि त्यामुळेच पुढचे घडले. तात्या तरुणपणी काष्टीच्या बाजारात बैल घ्यायला जात. दात पाहून जनावर ओळखणारी नजर त्यांची अजून शाबूत होती. ती आमच्या फळ्यावर गेली. उन्हात एकावन्न बिल्ले झळकत होते आणि मध्ये नऊ काळी भोके दिसत होती.

“हे नऊ एवढे काळे कसे?” तात्यांनी विचारले. “कोण आहेत हे? कामाला येत नाहीत का?”

“ते आपल्या घरचे, साहेब,” शांतवन म्हणाले.

ध्वनिक्षेपक चालूच होता.

जेवणे झटपट झाली. पंगतीत कोणी कोणाकडे पाहत नव्हते; फक्त आमटी वाढताना चांगुणा प्रत्येकाला विचारत होती, “चिंच बरी लागली का?”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रंगुबाईच्या पाटीच्या काठावर होतो. दुपारी आदिनाथ आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत माझे नऊ काळे भाऊ. तो खाली वाकला आणि आवाज हळू केला. लहानपणी चिंचोके मागायला येई, तेव्हाही तो असाच वाकत असे.

“मावशी, तात्यांनी सांगितलंय. हे जरा चिंच लावून घासून द्या ना. तुमच्यासारखे चमकले पाहिजेत. पुढच्या आठवड्यात लेखापरीक्षक येणार आहेत.”

रंगुबाईने हातोडी खाली ठेवली. पिशवीत डोकावून पाहिले. मग मला काठावरून उचलून त्याच्यापुढे धरले.

“आदू, हा मी कवा घासला सांग बरं?”

आदिनाथाने मला उलटून पाहिले.

“घासाय काय लागत न्हाई त्यास्नी. एकेक पाटी द्यायची नि हितं बसवायचं, माज्या शेजारी. म्हैन्याभरात आपुआप उजळत्यात. लई गुनाचं पितळ हाय, एकाच भट्टीतलं.”

चांगुणेने शेजारचे पोते सरकवून जागा करून दिली. त्या जागेवर आजपर्यंत कोणी बसलेले नाही. नऊ बिल्ले पुन्हा आपल्या खिळ्यांवर गेले, काळेच; त्यांचे मालक अजून पगारावर आहेत. लेखापरीक्षक आले, फळ्यापुढे थोडा वेळ थांबले, चहा घेतला आणि गेले. जग माझ्या एका जीवनकथेने सुधारेल असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी फार परिपत्रके वाचली आहेत. पण त्या चौदा जणी कामावर आहेत, अश्विनीचे शेवटचे वर्ष चालू आहे, आणि ती काळी डबी तात्यांच्या खोलीत विणलेल्या रुमालाखाली ठेवली आहे. तिच्याजवळून जाताना तात्या हात खिशात घालतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी काही जण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतील, म्हणून माझी एक विनंती आहे. जुन्या वस्तूला आणि जुन्या माणसाला मखमलीत ठेवू नका. आम्हाला नारळ नको, शाल नको, निरोपाचे भाषण तर मुळीच नको. रोजचे काम द्या. आणि एखाद्याची धार गेली असे वाटले, तर ती कशावर गेली, हे आधी विचारा.

शांतवन मागच्या आठवड्यात म्हणाले, “रंगुबाई, या बिल्ल्यावरचा आकडा पार गेला. नवीन ठोकून आणू का?”

“कशाला?” ती म्हणाली. “मला घावतो की.”

तिच्या अंगठ्यावर रेषा नाही, माझ्या पोटावर सात नाही. तरी रोज सकाळी तिचा हात फळ्याकडे न बघता वर जातो आणि इतक्या खिळ्यांतून नेमका मलाच उचलतो.